खांब रोवण्याआधी



दहावीचा निकाल लागला की अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांचे दोन प्रवेश एकदमच होतात. एक महाविद्यालयात आणि दुसरा लोकलगाडीत. या धांदलीत खो-खो मात्र शाळेच्या मातीतच मागे राहून जातो. खांबापाशी सूर मारून गडी टिपणारी मुलगी अकरावीत जाताच जणू सेवानिवृत्त होते. मुलगे निदान गल्लीत क्रिकेट खेळतात. मुलींच्या वाट्याला तेवढेही येत नाही. महाविद्यालयात खो-खोचे मंडळ, तरुणांच्या भाषेत क्लब, निघावे हा आग्रह प्रामुख्याने तिच्यासाठी आहे.

हा पोरखेळ नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याला नियमांची चौकट दिली. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत अजिंक्य ठरला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. त्या आठवड्यात कौतुकाचे फलक लागले. फलक लावणाऱ्यांपैकी कितीजणांच्या जिमखान्यात खो-खोचे खांब आहेत, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

वास्तविक लागते ते किती? २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मोकळी जमीन, सुमारे सव्वा मीटर उंचीचे दोन खांब आणि आखणीसाठी फक्की. बॅट नको, पॅड नको. पण तेवढी जमीनही वाहने उभी करण्यासाठी वापरली जात असेल, तर प्राचार्यांकडे पहिला अर्ज जागेचाच करावा लागेल. छापील टी-शर्टांची घाई नको. आपल्याकडे बहुतेक मंडळांचा उत्साह त्यातच संपतो.

उल्हासनगरात या खेळाला आणखी एक अर्थ आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी लष्करी छावणीतल्या बराकींत संसार मांडले. त्या छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले आणि १९६५ मध्ये तेथे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय उभे राहिले. सिंधी, मराठी, हिंदी घरांतली मुले आज एका वर्गात बसतात. बाके मात्र पुष्कळदा आपापली धरतात. खो-खोत ती सोय नाही. मध्यपाटीवर आठजण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठीमागे काय चालले आहे ते शेजाऱ्याच्या भरवशावर सोडावे लागते. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही; पळणाऱ्याला मात्र सगळे मैदान मोकळे. त्यामुळे कितीही चपळ असला तरी एकट्याला गडी सापडत नाही. त्याला योग्य क्षणी दुसऱ्याला उठवून त्याची जागा घ्यावी लागते. ‘खो’ या शब्दाचे भाषांतर करण्याचीही गरज पडत नाही.

अडचणी आहेत. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, म्हणून जुलै-ऑगस्ट व्यायामात आणि नियम समजून घेण्यात घालवावे. खरी अडचण घड्याळाची. संध्याकाळी बदलापूरकडे जाणाऱ्या गाडीत चढणे हाच एक खेळ असतो. अंधार पडल्यावर मुलगी घरी पोहोचणार असेल, तर आई-वडील नको म्हणतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून सराव तासांना लागून, गर्दीच्या आधी संपणारा हवा. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. मात्र ते दिवस चुकता कामा नयेत. जवळच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना पहिल्या महिन्यात बोलवावे. पडावे कसे, हे त्यांच्याइतके नीट कोण शिकवणार?

पहिल्या दिवशी नऊजण येणार नाहीत. सातजण आले, तर दोन चौकोन रिकामे ठेवावेत आणि डाव सुरू करावा.