एम्प्रेस मिलची हजेरी

श्रोतेहो, स्वतःला घडवण्याचे सल्ले सध्या उदंड झाले आहेत. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, मोबाइल दूर ठेवा. यात वाईट काहीच नाही. पण हे सल्ले देणारा एक गोष्ट न तपासता धरून चालतो, ती म्हणजे काम नीट होत नसेल तर खोट काम करणाऱ्यातच आहे. हे खरं की खोटं, ते पाहायला नागपूरकराला लांब जायला नको. जुम्मा तलावाजवळच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळच्या एम्प्रेस मिलचा इतिहास पुरे आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची ही मिल सुरू झाली. नाव पडलं ते त्यावरूनच. कापूस आसपासचा, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे गावात आलेली. अडचण एकच होती, माणसं रोज कामावर येत नव्हती. शेतावर नि हातमागावर आपल्या सोयीने राबलेल्यांना भोंग्याची सवय कुठली? पाचातला एखादा मजूर रोज गैरहजर, हे ठरलेलंच. इथली माणसंच आळशी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. दंडाचा रूढ उपायही हाताशी होता. मिलने मात्र दुसरी वाट धरली. खात्यांत खेळती हवा आणि योग्य दमटपणा राहावा म्हणून यंत्रणा बसवली. नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको. नियमित येणाऱ्यांना समारंभाने बक्षिसं दिली. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. भरपाईचा सरकारी कायदा व्हायला पुढे १९२३ साल उजाडलं. माणसं तीच, ऊनही तेच, पण हजेरी सुधारली. हात तुटला की चूल विझणार, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने पुढच्या वर्षाचा विचार करून आज वेळेवर यावं ही अपेक्षाच मुळात उफराटी आहे.

यावर कुणी म्हणेल, यात मालकाचा स्वार्थ होता. होताच. मजुरी बेताची होती, दिवस लांबलचक होता, आणि मिल काही धर्मादाय संस्था नव्हती. पण माझ्या म्हणण्याला या स्वार्थाने बळच मिळतं. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसालाही दंडापेक्षा सोय करणं परवडलं! शिवाय ही मिल २००२ साली बंद पडली, ती कामगारांनी पहाटे उठायचं सोडलं म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिद्द असली की माणूस कुठूनही वर येतो, असं आपण म्हणतो आणि उदाहरणंही देतो. याच मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आले होते, सूतकताईचा त्यांना गंध नव्हता. मेहनत त्यांची, हे खरंच. पण न येणारं काम शिकायला त्यांना वर्षं मिळाली, ती देणारा कुणी होता. जाईबाई चौधरींचं पाहा. नागपूर-कामठी वाटेवर ओझी वाहणाऱ्या या बाई शिकल्या, शिक्षिका झाल्या. जिद्दीत काय कमी होतं? तरी त्यांची जात कळताच विरोध झाला आणि नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःच शाळा काढली. नुसती जिद्द पुरत असती, तर त्या शाळेची गरजच काय होती?

म्हणून बुटीबोरी, हिंगणा, मिहान इथल्या व्यवस्थापकांना एक विनंती. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर भरवण्याआधी पाळ्यांचा तक्ता काढून बघा. रात्रपाळी संपवून गेलेला माणूस पुन्हा कधी बोलावला जातो? त्याची बस घरी किती वाजता पोचते? ठेकेदाराकडच्या माणसाचा पीएफ खरोखर भरला जातो का? आणि श्रोतेहो, पहाटे डोळा उघडत नाही म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी आदल्या रात्री तुम्हाला कामावरून किती वाजता सोडलं, तेही एकदा लिहून ठेवा.