जुना सबवूफर घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा माझा विषय ऐकून कार्यवाहबाई हसल्या. पण ज्या वस्तूवर घरचा पैसा खर्च होतो, ती पारखून घेणे हे आपलेच काम आहे. मग ती वस्तू पातेले असो की सबवूफर!

सबवूफर म्हणजे केवळ खर्जातले आवाज काढणारा मोठा स्पीकर. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यांतले अगदी खालचे आवाज लहान स्पीकरला पेलत नाहीत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, ती कशासाठी? कातडे जड झाले की सावकाश हलते आणि नाद खाली उतरतो. सबवूफरचा पडदा मोठा आणि जड असतो, तो याच कारणाने.

आमच्या मामंजींनी पुष्कळ वर्षे भजनात पखवाज वाजवला. आता हात चालत नाहीत. ऐकण्याचे सुख तेवढे उरले आहे. पण घरच्या स्पीकरवर टाळ खणखणीत वाजत आणि पखवाजाचा घुमारा मात्र हरवे. नवा सबवूफर घेणे परवडणारे नव्हते, म्हणून जुना पाहू लागले.

पहिल्या दुकानदारांनी "हजार वॅटचा आहे" असे सांगितले. खोक्यावरचा असा मोठा आकडा पुष्कळदा क्षणभराच्या जोराचा असतो, सततच्या शक्तीचा नव्हे. प्रश्न मी विचारीत होते आणि उत्तरे ते माझ्या मुलाकडे पाहून देत होते! मी पडद्याच्या कडेच्या पट्टीवर हलकेच बोट फिरवले, तो काळा चुरा हाताला लागला. तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून निघाले.

ही पट्टी फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत विरते. दमट हवेत लवकरच. रबराची अधिक टिकते. विरलेली पट्टी बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करावा.

दुसरी परीक्षा. वीज बंद असताना दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सारखा दाबावा. आत खरखर झाली तर तारेचे वेटोळे घासते आहे असे समजावे, आणि वस्तू घेऊ नये.

तिसरी. गाणे न लावता नुसता चालू करून ठेवावा. मोठी घरघर येत असेल किंवा जळका वास सुटत असेल, तर आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष आहे. काही सबवूफरांत अ‍ॅम्प्लिफायर नसतोच. तो निराळा घ्यावा लागतो, हेही विचारावे.

चौथी. मागची पाटी वाचावी. आपली वीज २३० व्होल्टची. अमेरिकेहून आणलेला केवळ १२० व्होल्टचा सबवूफर सरळ आपल्या विजेला जोडला तर जळेल.

शेवटी आपल्या ओळखीचे भजन लावून ऐकावे. दुकानदाराच्या गाण्यात दोष लपतो, आपल्या गाण्यात लपत नाही.

तिसऱ्या दुकानात मनाजोगता मिळाला. घरी आणल्यावर तो मामंजींच्या खुर्चीवर ठेवला, चालू केला आणि मी खोलीभर फिरले. जिथे आवाज नीट, न घुमता ऐकू आला, तिथे त्याची जागा ठरवली. अगदी कोपऱ्यात ठेवला की आवाज फुगतो. त्या संध्याकाळी मामंजींची बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली.

भगिनींनो, एक गोष्ट मात्र विसरू नका. सेकंदाला ४० कंपनांच्या आवाजाची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिला भिंत अडवीत नाही. म्हणून भजन चालू ठेवून मी खालच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांची भांडी किणकिणत होती! सबवूफरखाली जाड रबर घातले आणि भांडी गप्प होईतो आवाज उतरवला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आम्ही साडेनऊलाच बंद करतो. शेजारधर्म नियमाच्या अर्धा तास आधी सुरू व्हावा.

मंडईत वांगे घेताना आपण देठ पाहतो, नारळ घेताना तो कानाशी हलवतो. तेच डोळे, तेच कान इथेही उपयोगी पडतात. "बायकांना यातले काय कळते" असे कोणी म्हटले, तर वाद घालू नका. पट्टीवर बोट फिरवा.