प्रयोगशाळेतील माणूस आणि समाजातील माणूस

कोणतीही सामाजिक घटना एकाच कारणाने घडत नाही. शिक्षण, उत्पन्न, जात, कुटुंब आणि सत्ता यांचे परिणाम एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांतील एकाचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. प्रयोगशाळेत मात्र इतर परिस्थिती स्थिर ठेवून संशोधक एकच घटक बदलतो, ज्याला ‘स्वतंत्र चल’ म्हणतात, आणि त्यामुळे वर्तनात, म्हणजेच ‘अवलंबी चला’त, पडणारा फरक मोजतो.

या पद्धतीचे बळ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात सुरू केलेल्या आज्ञापालनाच्या प्रयोगांत दिसते. समोरच्याचे उत्तर चुकले की त्याला विजेचा अधिकाधिक तीव्र धक्का द्यावा, असे सहभागी व्यक्तीला सांगितले जाई. धक्के खोटे होते, पण हे तिला ठाऊक नसे. आपण शेवटपर्यंत जाऊ, असे मिलग्रॅम यांनी आधी विचारलेल्यांपैकी कोणालाही वाटले नव्हते. प्रत्यक्षात मूळ प्रयोगातील ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या अखेरच्या खटक्यापर्यंत गेले. आज्ञा दूरध्वनीवरून येऊ लागताच हे प्रमाण सुमारे एक-पंचमांशावर आले, आणि दोन सहकाऱ्यांनी नकार दिल्यावर ४० पैकी केवळ चौघे अखेरपर्यंत टिकले. माणूस स्वतःविषयी जे सांगतो आणि दडपणाखाली जे करतो, त्यांतील हे अंतर केवळ प्रश्नावलीने उघड झाले नसते.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही याच प्रयोगांत आढळतात. ब्रिजपोर्ट शहरातील साध्या कार्यालयात, येलचे नाव न घेता, तोच प्रयोग केला असता ४० पैकी १९ जणांनीच पूर्ण आज्ञापालन केले. स्थळाची प्रतिष्ठाही निष्कर्षात शिरते, असा संशय त्यातून बळावतो. शिवाय स्वेच्छेने आलेले थोडे लोक साऱ्या समाजाचे प्रतिनिधी ठरत नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली जातिव्यवस्था तासाभराच्या प्रयोगात उभी करता येत नाही. सहभागी व्यक्तींची फसवणूक करून त्यांना मानसिक ताण देण्यावर डायना बॉमरिंड यांनी १९६४ साली घेतलेला नैतिक आक्षेपही तितकाच गंभीर आहे.

एखादे कारण परिणाम घडवू शकते का, हे प्रयोगशाळा सांगते. समाजात ते किती आणि कोणावर परिणाम करते, हे मात्र समाजात जाऊनच तपासावे लागते. म्हणून ‘प्रयोगाने सिद्ध झाले’ असे कानी पडताच तो प्रयोग कोणावर, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत झाला, हे श्रोत्यांनी अवश्य विचारावे.