पारखणारे हवेत



अध्यक्षपदासाठी तुम्ही एका साचेकाराची निवड केलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी सगळी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. डब्यांची झाकणं, स्विचची बटणं, पंख्यांचे भाग यांचे साचे आम्ही करत होतो. त्यामुळे लेगोची वीट हातात आली की माझी नजर रंगाआधी तिच्या कडांवर जाते. आज या जागेवरून मला एकच मागणी मांडायची आहे. आपल्यात बांधणारे पुष्कळ झाले. आता पारखणारे हवेत. मोठ्या माणसांनी जीव ओतून केलेल्या कामाला तितक्याच तयारीची समीक्षा मिळाली पाहिजे. 'वा, किती सुंदर!' आणि 'किती तुकडे लागले?' एवढ्यावर आपलं बोलणं संपतं, हे मला फार खटकतं.

पारख सुरू होते मापापासून, म्हणून आधी मापाबद्दल बोलतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुतारानं १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र आणलं आणि १९४९ साली प्लास्टिकच्या विटा बाजारात आल्या. त्या विटेची मूळ कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराची, त्याच्या किडीक्राफ्टची. हे श्रेय आपण मोकळेपणानं द्यायला हवं. पेजचं नाव न घेता या छंदाचा इतिहास सांगणं अन्यायाचं आहे. बिलुंडनं त्यात जी भर घातली ती विटेच्या पोटात आहे. सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, पण पकड ढिली राही. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड यानं २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला तो आतल्या नळ्यांसाठी. दोन बाय चारच्या विटेत अशा तीन नळ्या असतात. घरी गेल्यावर एक वीट उलटी करून पाहा. कोपऱ्यातला स्टड, म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, दोन भिंती आणि एका नळीला टेकतो, मधला स्टड एक भिंत आणि दोन नळ्यांना टेकतो. म्हणजे प्रत्येक स्टडला तीन ठिकाणी आधार. ही पकड सगळ्या रचनेची जान आहे.

१९६३ पासून सेल्युलोज ॲसिटेटच्या जागी एबीएस आलं. आधीचं प्लास्टिक काही काळानं वाकायचं, एबीएस माप धरून राहतं. १९५८ ची ती वीट आजही नव्या विटेवर घट्ट बसते. ज्यानं कधी साचा केला नाही त्याला यातलं अवघडपण चटकन कळणार नाही. प्लास्टिक थंड होताना आक्रसतं, आणि प्रत्येक रंगाचं प्लास्टिक थोडं वेगळं वागतं. पोलाद झिजतं. एक साचा बाद होऊन दुसरा येतो, कारखाना बदलतो, देश बदलतो. एवढं सगळं बदलत असताना एकच माप साठ वर्षांहून जास्त काळ सांभाळणं ही मला त्या आकाराच्या शोधापेक्षाही मोठी गोष्ट वाटते.

दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, प्लेटची ३.२. तीन प्लेट म्हणजे एक वीट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाच प्लेट एकावर एक ठेवा: १६ मिलिमीटर होतात. दोन स्टडची रुंदीही तेवढीच. आडवं आणि उभं माप या एका ठिकाणी जुळतं, आणि म्हणून वीट कुशीवर वळवून भिंतीत बसवता येते. दाराच्या चौकटी, कोरीव पट्टे, अक्षरं, जाळ्या हे सगळं त्या जुळणीतून निघतं. ज्याला हे नातं हाताला कळलं, त्याचं काम दुरूनही ओळखू येतं.

आता याच हिशोबातली एक फसगत पाहा. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर, म्हणजे शेजारच्या दोन स्टडमध्ये ३.२ ची फट उरते. प्लेटची जाडीही ३.२. कागदावर प्लेट त्या फटीत उभी बसते. प्रत्यक्षात ती ताणून बसते, आणि ताण घेतलेलं प्लास्टिक कधीतरी भेगाळतं. जाणकार अशा जोडणीला बेकायदेशीर म्हणतात आणि टाळतात. प्रदर्शनात ती कुणाला दिसत नाही. पारखणाऱ्याला मात्र ती दिसली पाहिजे आणि त्यानं ती बांधणाऱ्याला सांगितलीही पाहिजे.

तुकड्यांच्या संख्येबद्दल मला ठाम मत मांडायचं आहे. एकाच रंगाच्या, दोन बाय चारच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे. सहा विटांसाठी लेगो कंपनी अनेक वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत होती. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी दाखवून दिलं की त्या मोजणीत फक्त सहा थरांचे उभे मनोरे धरले होते. सगळ्या रचना धरल्या तर संख्या ९१,५१,०३,७६५ होते. ज्या माध्यमात सहा विटांत एवढं सामावतं, तिथे पन्नास हजार तुकड्यांचा नुसता अभिमान कसला धरायचा?

पन्नास हजारांवरून जुम्पेई मित्सुई आठवतात. या जपानी कलावंतानं साधारण तेवढेच तुकडे आणि चारशे तास खर्चून होकुसाईची कानागावाची लाट उभी केली. ते काम थोर आहे, पण आकड्यामुळे नाही. होकुसाईचं चित्र सपाट आहे, त्यात लाटेची एकच बाजू दिसते. मित्सुईंनी ती लाट घनरूपात केली. त्यासाठी त्यांनी लाटांवरचे अभ्यास वाचले, चित्रफिती पाहिल्या, आणि चित्रात जी बाजू कुणी पाहिलीच नव्हती तिचा आकार स्वतः ठरवला. फेस तुटतो त्या टोकांपाशी तुकडे बारीक होत जातात, पाण्याच्या पोटात मोठे राहतात. समीक्षकानं बोट ठेवायचं ते अशा निर्णयांवर.

याच्या उलट टोकाला यान वोरमान हा जर्मन कलावंत आहे. २००७ साली इटलीतल्या बोक्किन्यानो गावात त्यानं जुन्या दगडी भिंतींची पडलेली भोकं रंगीत विटांनी बुजवायला सुरुवात केली. मूठभर तुकडे पुरतात. पण दगडाची प्रत्येक कड वेडीवाकडी आणि विटेची कड सरळ, त्यामुळे त्या दोघांच्या सांध्यात सगळं कौशल्य येऊन थांबतं. मला हे काम मित्सुईंच्या लाटेइतकंच मोलाचं वाटतं. ओलाफुर एलियासन यांनी २००५ साली अल्बानियाच्या तिराना शहरात तीन टन पांढऱ्या विटा चौकात मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना शहर बांधायला सांगितलं. त्या रचनेला एक कर्ता नव्हता. अशा कामाची पारख कशी करायची, हा प्रश्न मी आपल्यातल्या तरुणांसाठी खुला ठेवतो.

तयार संचांविषयी माझ्या मनात आकस नाही. २००८ साली ताजमहालाचा ५,९२२ तुकड्यांचा संच आला, तेव्हा त्यानं कितीतरी मोठ्या माणसांना पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसवलं. त्याच्या आदल्या वर्षी आलेलं कोपऱ्यावरचं कॅफे जेमी बेरार्ड यांनी रचलं होतं. ते स्वतः आधी आपल्यासारखेच हौशी होते, मग कंपनीत डिझायनर झाले. चांगला संच हा चांगला गुरू असतो. पण पुस्तिकेप्रमाणे बांधलेला ताज प्रदर्शनात मांडून आपण कोणत्या निर्णयाचं श्रेय घेणार? संच बांधा, शिका, आणि मग तो सोडवून त्याच विटांतून स्वतःचं काहीतरी उभं करा.

स्वतःचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो, कारण गेली काही वर्षं मी त्यातच गुंतलो आहे. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. यादवकाळातलं, काळ्या पाषाणाचं, मधे मुख्य देऊळ आणि भोवती चार छोटी देवळं असं पंचायतन. आपली ही जुनी देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून उभी आहेत. गोंद न लावता बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या पाथरवटांशी थेट नातं सांगता येतं. बाहेरच्या भिंतीचे पायऱ्यापायऱ्यांनी आत-बाहेर होणारे कोपरे विटांच्या जाळीत छान उतरतात. अर्ध्या स्टडचा सरक हवा तिथे जंपर प्लेट चार मिलिमीटरची सोय करून देते.

खरी परीक्षा शिखरावर आहे. भूमिज पद्धतीच्या शिखरात छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढतात आणि वर जाताना लहान लहान होत जातात. दगड हवा तेवढा लहान घडवता येतो. आपला स्टड लहान होत नाही. म्हणून प्रमाण खालून ठरवून चालत नाही, शेंड्यापासून ठरवावं लागतं: सगळ्यात वरचं छोटं शिखर निदान एका स्टडचं हवं, मग खालच्या ओळी त्यावरून मोजत याव्या लागतात, आणि अचानक लक्षात येतं की पाया जेवणाच्या टेबलाएवढा होणार आहे. तो आवाक्याबाहेर असेल तर काही ओळी गाळाव्या लागतात. कोणत्या गाळायच्या? त्या गाळूनही शिखराची चढण तीच वाटली पाहिजे. या माध्यमातली कला माझ्या मते इथे आहे.

रंगाचंही तसंच. २००४ च्या सुमारास कंपनीनं करडे रंग बदलले. जुना करडा किंचित पिवळसर होता, नवा निळसर आहे. जगभरच्या हौशी मंडळींनी तेव्हा मोठी नाराजी व्यक्त केली, कारण वर्षानुवर्षं जमवलेल्या विटांशी नव्या विटा जुळेनात. त्यांची तक्रार रास्त होती. पण आपल्या सह्याद्रीच्या दगडाला नवा गडद करडा जास्त जवळचा आहे, असं मला पावसात भिजलेला कातळ पाहताना नेहमी वाटतं.

आता शब्दांकडे येतो, कारण समीक्षा शब्दांतच होणार. संचाच्या पुस्तिका चित्रांच्या असतात, त्यात शब्द नसतात. मॅथ्यू शिफ्रिन या अमेरिकन अंध तरुणाला लहानपणापासून विटांचं वेड होतं, पण चित्रं त्याच्या कामाची नव्हती. त्याच्या तेराव्या वाढदिवसाला लिल्या फिंकेल या मैत्रिणीनं एका संचाच्या सगळ्या पायऱ्या शब्दांत मांडून, ब्रेलमध्ये उतरवून त्याला दिल्या. कोणता तुकडा, कोणत्या दिशेनं, कितव्या स्टडवर, हे सगळं वाक्यांत. दोघांनी पुढे असे अनेक संच शब्दांत आणले, आणि २०१९ मध्ये कंपनीनं स्वतः ध्वनी आणि ब्रेल सूचना द्यायला सुरुवात केली. लिल्या तोवर हयात नव्हती. तिच्या त्या वहीत आपल्या समीक्षेचा पाया आहे असं मी मानतो. जी जोडणी डोळ्यांनी न पाहणाऱ्याला नुसतं सांगून बांधता येते, ती आपल्याला खरी समजलेली असते. आपण हे मराठीत करू या. स्टड, प्लेट, टाइल, स्लोप हे शब्द आपल्या तोंडात बसले आहेत, ते तसेच राहू देत. वाक्य मात्र आपलं असू दे.

खर्चाचा विषय टाळून चालणार नाही. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. २०२१ पासून मानकचिन्हाची सक्ती आली. देशात खेळणी बनावीत हा त्यामागचा हेतू मला पटतो, मी त्याच उद्योगात वाढलो. पण त्यामुळे या छंदाचं दार कित्येकांना बंद होतं. म्हणून माझी सूचना अशी की आपल्या गावोगावच्या गटांनी सुट्या विटांची वाचनालयं काढावीत. वर्गणी भरा, डबा घरी न्या, बांधा, फोटो आणि टिपण द्या, सोडवून परत करा. दुसऱ्या कंपन्यांच्या विटा चालतील का, असं मला विचारलं जातं. मूळ पेटंटची मुदत कधीच संपली, आणि विटेच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगता येणार नाही असा निकाल युरोपीय न्यायालयानं २०१० साली दिला. मायक्रोमीटर लावा, पकड पाहा. मापात असेल ती वीट चांगली. दुसऱ्याची रचना चोरून डब्यात भरलेला नकली संच मात्र आपल्या वाचनालयात येता कामा नये.

दुपारच्या सत्रापासूनच सुरुवात करू. प्रत्येक कामापाशी त्याचा कर्ता उभा राहील आणि दोन जण त्याला विचारतील: हे प्रमाण का घेतलं, काय गाळलं, कोणती जोडणी ताणलेली आहे. उत्तरं कुणीतरी लिहून घ्यायची, ती आपल्या वार्षिकात छापू. पहिलं टेबल माझं ठेवलं आहे. गोंदेश्वराच्या शिखरातल्या दोन ओळी मी गाळल्या आहेत आणि वरून तिसऱ्या ओळीपाशी चढण मोडते की काय, अशी मला शंका आहे. जेवण झालं की तिथे या, वाकून नीट पाहा आणि स्पष्ट बोला.