दोन नंबरचा डबा आणि घरातली वाटी



बाळाला सहावा महिना लागला की नांदुऱ्यातल्या घरांत उष्टावणाची गडबड सुरू होते. मामा भाच्याला मांडीवर घेतो, वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावतो, बायका ओवाळतात. पण पुढच्याच आठवड्यात कोणीतरी काळजीनं म्हणतं, "पोराचं पोट भरत नाही. आता दोन नंबरचा डबा आणा."

औषधाच्या दुकानात एक नंबरचं डब्याचं दूध सहा महिन्यांपर्यंतचं आणि दोन नंबरचं त्यापुढचं. नंबर वाढला म्हणजे ताकदही वाढली, असं आईबापांना वाटतं. जागतिक आरोग्य परिषदेनं मात्र १९८६ सालीच ठरावात म्हटलं होतं, की या 'पुढच्या टप्प्याच्या' दुधाची गरज नाही. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जागतिक आरोग्य संघटनेनं एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी त्याची शिफारस केलेली नाही.

मग हवं काय? आईचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि त्याहीपुढे. पण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि नुसतं दूध पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, वर्षानंतर ५५०. ही भूक आपल्या चुलीवरच भागते: तुरीचं घट्ट वरण आणि भात, मुगाची मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, वर चमचाभर तूप, जमेल तेव्हा अंडं.

इथं एक चूक घरोघरी होते. बाळाला वरणाचं वरचं पाणी पाजतात आणि डाळ भांड्यातच राहते. त्या पाण्यानं पोट फुगतं, अंगाला काही लागत नाही. घास कसा असावा? चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतका घट्ट. पहिले काही दिवस दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी.

काही घरांत डबा घ्यावाच लागतो. आई हयात नसते, किंवा तिचं दूध खरोखरच देता येत नाही. अशा घरांनी पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं, कारण पूर्णा नदीच्या खोऱ्यातला नांदुऱ्याचा हा भाग खारपाण पट्ट्याचा. अनेक गावांत बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. पाणी आटलं की उलट दाट होतात. दुधाच्या भुकटीत क्षार असतातच, त्यात हे पाणी मिसळलं की बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर दुहेरी ओझं पडतं. म्हणून गोडं पाणीच आणा, आणि तेही उकळूनच वापरा.

दुसरी गोष्ट मापाची. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. डबा महाग, म्हणून पुरवून पुरवून पातळ पाजलं तर बाळ उपाशी राहतं. शीग लावून भरलं तर त्रास होतो. डब्यावरचं माप तंतोतंत पाळा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. उरलेलं दूध पुन्हा पाजू नका.

दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या या दुधाची जाहिरात आपल्या देशात करताच येत नाही. १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती तसं सांगते. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रही चालत नाही. कोणी फुकट नमुना हातात दिला, तर तोही कायद्याविरुद्धच.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तो आणाच. आणि डब्यासाठी पैसे मोडण्याआधी बाळाला अंगणवाडीत नेऊन वजन करा, ताईंना वाढीच्या तक्त्यावरची रेघ दाखवायला सांगा. रेघ वर चढत नसेल, तर औषधाच्या दुकानात न जाता बाळाला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा.