संगणकाची पायली

श्रोतेहो, आपल्या वऱ्हाडात पूर्वी धान्य पायलीने मोजीत. पण एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात तेवढीच भरेल, असा भरवसा नसे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि वाशिमचा किलो व मुंबईचा किलो एकच झाला. संगणकाच्या 'सी' भाषेत मात्र अशी एक पायली अजून नांदते आहे.

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. आपण सीमध्ये लिहिलेला कार्यक्रम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. पूर्णांक ठेवण्यासाठी सीमध्ये 'इंट' नावाचे भांडे असते. ते निदान १६ बिटांचे असावे, एवढीच भाषेची अट. नेमके केवढे, ते कंपायलर ठरवतो. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत पुष्कळ वर्षे चाललेल्या टर्बो सीमध्ये ते १६ बिटांचे असे. त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आजच्या बहुतेक संगणकांवर ते ३२ बिटांचे असून त्यात दोनशे कोटींवरची संख्याही मावते.

आता असे समजा, की वाशिमच्या बाजारात ३३० क्विंटल तूर आली. म्हणजे ३३,००० किलो. टेबलावरच्या संगणकाने बेरीज चोख केली. तोच कार्यक्रम एखाद्या वजनकाट्यातल्या लहानशा चिपवर चढवला आणि तिथले भांडे १६ बिटांचे निघाले, तर आकडा सांडतो. बहुधा उत्तर येते उणे ३२,५३६! यंत्र हूं की चूं करीत नाही. शेतकऱ्याची पट्टी अशा आकड्यावर निघाली, तर दाद कुणाकडे मागायची?

यंत्रे तर बदलतच राहणार. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा १९९१ चा 'परम ८०००' हा महासंगणक ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता. १९९८ चा 'परम १००००' निराळ्याच प्रोसेसरांवर चालला. एका यंत्राला जखडलेला कार्यक्रम अशा वेळी पुन्हा लिहावा लागतो.

मग करावे काय? पहिले म्हणजे, मोठ्या आकड्यासाठी भांड्याचे माप स्पष्ट सांगावे. १९९९ च्या प्रमाणाने नेमक्या ३२ बिटांचे भांडे मागण्याची सोय केली आहे. दुसरे, सी भाषेचे जे प्रमाण १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले, त्याला धरून लिहावे. पडदा पुसण्याची टर्बो सीची आज्ञा दुसरा कंपायलर ओळखेलच असे नाही. तिसरे, यंत्रापुरत्या अशा आज्ञा वेगळ्या फाइलीत ठेवाव्या, म्हणजे यंत्र बदलले तरी तेवढीच फाइल बदलावी लागेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, विद्यार्थ्याचा कार्यक्रम एका संगणकावर चालला म्हणून लगेच पूर्ण गुण देऊ नका. तो दुसऱ्या कंपायलरवर चालवायला सांगा, आणि कंपायलरच्या सूचना मोठ्याने वाचून घ्या. तिथे जी चूक सापडेल, ती उद्या कुणाच्या तरी हिशेबात शिरण्यापासून वाचेल.