हर्मगिदोन : नसलेला डोंगर

अणुयुद्धाची चर्चा निघाली की ‘आर्मागेडन’ हा शब्द हटकून येतो. एवढा गाजलेला शब्द अख्ख्या बायबलमध्ये एकदाच आला आहे, प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायातल्या सोळाव्या वचनात. मराठी बायबल ‘हर्मगिदोन’ लिहिते आणि ते अधिक रास्त आहे. ग्रीकमध्ये ‘ह’ला अक्षरच नव्हते; शब्दाच्या डोक्यावर एक चिन्ह द्यायचे, आणि जुन्या हस्तलिखितांत बहुधा तेही नसे. इंग्रजीत जाता जाता ‘ह’ गळाला तो असा.

आता वचन नीट वाचा. जगातले राजे एका ठिकाणी गोळा केले जातात, त्या ठिकाणाला हिब्रूत हर्मगिदोन म्हणतात, बस्स. लढाई येते ती एकोणिसाव्या अध्यायात, आणि तिथे ठिकाणाचे नावच नाही!

‘हर’ म्हणजे डोंगर. मगिद्दो हे इज्रेलच्या खोऱ्याकाठचे खरेखुरे गाव. पण तिथे डोंगर नाही. आहे ते वस्तीवर वस्ती साचून झालेले पांढरीचे टेकाड. इजिप्तहून उत्तरेकडे जाणारी वाट खिंडीतून इथेच खोऱ्यात उतरते, म्हणून या जागेला लढाया चुकल्या नाहीत. इ. स. पूर्व पंधराव्या शतकात इजिप्तचा फारो तिसरा थुटमोस सरदारांचा सल्ला डावलून त्या अरुंद खिंडीतून आला आणि जिंकला. इ. स. पूर्व ६०९ मध्ये यहूदाचा राजा योशीया इथेच फारो नखोकडून मारला गेला. सप्टेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश सेनापती ॲलनबीने तुर्कांना हरवले, त्या मोहिमेत आपले पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्सही होते. ॲलनबीने पुढे आपल्या किताबात मगिद्दोचे नाव मिरवले.

डोंगराचा पेच मात्र सुटत नाही. काही अभ्यासक म्हणतात, मुळात हे ‘हर मोएद’, म्हणजे यशया संदेष्ट्याने सांगितलेला सभेचा पर्वत. हिब्रूतला ‘अयिन’ हा कंठ्य वर्ण ग्रीकमध्ये कधीकधी ‘ग’ होतो. गाझा आणि गमोरा ही नावे तशीच झाली. तर्क चतुर आहे, पण शेवटच्या ‘न’चे काय? तो जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायात सापडतो : तिथे हिब्रूत ‘मगिद्दोन’ असेच आहे, आणि प्रसंग मोठ्या आक्रोशाचा आहे. गंमत अशी, की जुन्या ग्रीक भाषांतरकाराला तिथे गाव दिसलेच नाही. त्याने वाचली मैदानात तोडलेली डाळिंबाची बाग.

माझा कल मगिद्दोकडे आहे. नकाशावरच्या मगिद्दोकडे नव्हे, आक्रोशाच्या मगिद्दोकडे. प्रकटीकरणाच्या लेखकाने नवव्या अध्यायात ‘अबद्दोन’ हे हिब्रू नाव देऊन लगेच ‘अपल्लुओन’ हे ग्रीक नावही दिले आहे. सोळाव्यात ती सोय तो करत नाही. हे पुस्तक ज्यांना उद्देशून होते त्या इफिस, स्मुर्णा, पर्गमच्या मंडळ्यांतले बहुतेक श्रोते ग्रीक बोलणारे. त्यांच्या कानांवर एक परका, न उलगडलेला उच्चार पडला, आणि लेखकाने तो तसाच राहू दिला.